शीड उतरल्यावर

मेट्रोच्या वर्सोवा स्थानकावर उतरून कुणी समुद्र शोधू लागला, तर त्याला तो दिसणार नाही. स्थानकाला गावाचं नाव मिळालं आहे, पण गाव तिथून रिक्षा करून जावं इतकं लांब आहे. यारी रोडचे टॉवर मागे पडतात, गल्ली अरुंद होते, सुक्या मासळीचा वास येतो, मग खाडी आणि खाडीपलीकडे मढ. अंधेरीत अर्धं आयुष्य काढलेल्यांपैकीही बऱ्याच जणांनी हा किनारा फेरीबोटीतूनच पाहिलेला असतो. फेरीबोटीतून तो नीट दिसत नाही, कारण बघण्यासारखं जे असतं ते पावसाळ्यात असतं आणि पावसाळ्यात इकडे फिरायला कोण येतो!

1 जून ते 31 जुलै हे 61 दिवस महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. पूर्वी ही बंदी साधारण 10 जूनपासून 15 ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमेपर्यंत असायची. तारखा सरकारने ठरवल्या, पण पावसाळ्यात होड्या शाकारायची रीत त्याहून फार जुनी आहे. वादळी वारा, माशांच्या विणीचा काळ आणि बोटीचं दुखणंखुपणं ही तिन्ही कारणं एकाच वेळी येतात. उधाणाच्या भरतीला बोट जितकी वर घेता येईल तितकी घ्यायची, दोन्ही बाजूंना टेकू द्यायचे, वर ताडपत्री, आणि पाणी उतरलं की खालून काम सुरू. वर्सोवा, मढ, भाटी, मनोरी, गोराई, सगळीकडे हेच. बोरिवलीहून गोराईला पिकनिकला जाणारा माणूस ज्याला बंद पडलेलं बंदर समजतो, ते खरं तर वर्षातलं सगळ्यात कामाचं बंदर असतं.

लाकडी बोटीची दुरुस्ती बुडापासून सुरू होते. आधी तळाला चिकटलेली शेवाळ आणि शिंपल्यांचा थर खरवडून काढायचा. मग हातोडीने फळी फळी ठोकत जायचं. चांगलं लाकूड खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं. लोखंडी खिळ्याभोवती काळा डाग दिसला तर खिळा आतून गंजून बारीक झाला आहे असं धरून चालायचं. सगळ्यात बेरकी शत्रू मात्र बाहेरून दिसतच नाही. लाकूड पोखरणाऱ्या ज्या प्राण्याला आपण किडा म्हणतो तो किडा नसून शिंपल्याच्याच जातीतला आहे. तो टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून आत शिरतो आणि आत वाढत वाढत बोगदे काढत जातो. वरून गुळगुळीत दिसणारी फळी हाताने दाबली तरी आत जाते. त्याच्यावर उपाय म्हणजे बोट पाण्याबाहेर काढून सुकवणं, बुडाला धग देणं, तेल पाजणं आणि तांब्याची भुकटी असलेला रंग लावणं. जुन्या गलबतांच्या बुडाला तांब्याचा पत्रा ठोकत, तोही याच्याचसाठी.

नंतर सांधे. शेजारशेजारच्या दोन फळ्यांमधल्या फटीत कापसाची पिळलेली वात बोथट पटाशीने ठोकत जायची आणि वरून लांबी भरायची. ऐकायला सोपं वाटतं, पण सगळं कौशल्य किती ठोकायचं यात आहे. कमी ठोकलं तर पाणी शिरतं. जास्त ठोकलं तर बोट पाण्यात गेल्यावर फळ्या फुगतात, त्यांना फुगायला जागा उरत नाही, आणि खिळे उपटले जातात. म्हणजे आज कोरड्या असलेल्या फळीचा दोन आठवड्यांनी ओला झाल्यावर काय आकार होईल, याचा अंदाज बांधून आज हात थांबवायचा. बोट पाण्यात ढकलल्यावर पहिले एक-दोन दिवस ती पाणी घेणारच. लाकूड भरलं की थांबते. नवशिका घाबरतो, जुना नाखवा पंप लावून झोपतो.

शिडाच्या दिवसांत या कामाला मर्यादा होती, म्हणून हिशेबही सोपा होता. मुंबईचा मचवा म्हणजे पुढे लांब झुकलेली नाळ, तिरक्या आडकाठीला लटकणारं मोठं शीड, आणि पाणी कापत जाणारं अंग. पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटला की त्याच्यावर बाहेर पडायचं, दुपारी समुद्राकडून खारा वारा आला की त्याच्यावर घरी यायचं. वारा पडला तर वल्ही. मधल्या वेळात डोल लावायची आणि काढायची. डोल म्हणजे समुद्रात एका जागी बांधलेलं पिशवीसारखं जाळं. ती भरती-ओहोटीच्या ओढीवर भरते, म्हणून तिला जोराचं पाणी लागतं, उधाणाचे दिवस लागतात. बोंबील, जवळा, करंदी हे सगळं डोलीचं धन. आणि बोंबील हा इतका पाणीदार, नाजूक मासा की उन्हात तासाभरात त्याचं भजं होतं. त्यामुळे मचवा किती लांब जाऊ शकतो हे शिडाच्या आकारावर कमी आणि बोंबलाच्या नाजूकपणावर जास्त ठरायचं. वारा, ओढ आणि मासा या तिघांनी मिळून बोटीचं माप ठरवून दिलं होतं. सुताराने त्याच मापात पिढ्यान्पिढ्या बारीक फरक करत नेले.

मग इंजिन आलं.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात मुंबई राज्याने मच्छीमारांना इंजिनासाठी कर्ज आणि अनुदान द्यायला सुरुवात केली. पालघरकडच्या सातपाटीसारख्या गावांत सहकारी संस्था उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्यामार्फत यंत्रं आली, आणि किनारा पाहता पाहता बदलला. सुरुवातीला नवी बोट कोण बांधणार? आहे त्या शिडाच्या बोटीतच इंजिन बसवलं गेलं. कागदावर ही साधी सुधारणा होती: वारा नसला तरी बोट चालेल. माझ्या मते या लेखाचा खरा विषय इथून सुरू होतो, कारण जुन्या शिडाच्या बोटीत एक वस्तू बदलून थांबता येत नाही.

इंजिन ठेवायचं तर त्याला बैठक हवी. बैठक पठाणाला, म्हणजे बुडातल्या मुख्य लाकडाला, बांधावी लागते. इंजिनाचा दांडा मागे पाण्यात न्यायचा तर मागच्या उभ्या लाकडाला भोक पाडावं लागतं आणि पंख्यासाठी जागा कापावी लागते. सगळ्या बोटीचा ताण ज्याच्यावर येतो तेच हे लाकूड. पंख्याला जागा दिली की सुकाणू हलवावं लागतं. शिडाची बोट वाऱ्याच्या दाबाने एका बाजूला कलते, तिच्या फळ्यांना सावकाश येणारा ताण सोसायची सवय असते. इंजिन मात्र दर सेकंदाला थरथरतं. त्या थरथरीने खिळे ढिले होतात, ठोकलेला कापूस सुटतो, म्हणून जास्त खिळे, मग खिळ्यांऐवजी बोल्ट. पंखा पितळी, बोल्ट लोखंडी, आणि दोन्ही खाऱ्या पाण्यात. वेगळ्या धातूंची अशी जोडी खाऱ्या पाण्यात बॅटरीसारखी वागते आणि त्यात लोखंड झिजतं. ते वाचवायला जस्ताचा तुकडा लावायचा, म्हणजे लोखंडाऐवजी जस्त झिजेल. इतकं सगळं होईपर्यंत बोटीचं वजन मागे सरकलेलं असतं. शिडाच्या मचव्याचा मागचा भाग इतकं वजन उचलायला बांधलेलाच नव्हता. वेग वाढवला की बोट मागे बसते, नाळ वर उचलली जाते, डिझेल वाया जातं. मग पुढची बोट बांधताना मागचा भाग रुंद.

आणि मग डोलकाठी. ती एका दिवसात गेली नाही. आधी आखूड झाली, नंतर तिला फक्त जाळं उचलायची कप्पी उरली, पुढे यंत्राची विंच आली. शीड काही वर्षं वळकटी करून ‘असू दे’ म्हणून ठेवलं जायचं. इंजिन बंद पडेल या धास्तीने ठेवलेलं ते शीड इंजिनावर विश्वास बसला तसं घरच्या माळ्यावर गेलं. लांब जाता येऊ लागलं म्हणून बर्फ आला, बर्फासाठी खण आले, खणांसाठी बोट मोठी झाली, मोठ्या बोटीसाठी दोन सिलिंडरच्या जागी चार, चारच्या जागी सहा. सहा सिलिंडरला डिझेल लागतं म्हणून त्याच्यावरच्या कराचा परतावा आला, आणि परतावा वेळेवर मिळत नाही ही तक्रार आली. या साखळीत कुठलाही एक माणूस चुकला असं म्हणता येणार नाही. प्रत्येक पायरी तिच्या आधीच्या पायरीने भाग पाडलेली होती.

शिडांच्या आठवणीने उसासे टाकणाऱ्यांशी माझं जमत नाही, हेही इथेच सांगून टाकतो. ते उसासे बहुतेक वेळा किनाऱ्यावर उभे राहून टाकलेले असतात. वारा पडल्यावर चार-पाच तास वल्ही मारलेल्या माणसाने शीड गेलं म्हणून गळा काढल्याचं माझ्या ऐकिवात नाही. अचानक आलेल्या वावटळीत मोठं शीड वेळेत उतरलं नाही तर काय होतं, हे कोळीवाड्यातल्या घरांना पुस्तकात वाचावं लागत नाही. इंजिनाने जीव वाचवले, बोटीतल्या माणसांच्या पाठी वाचवल्या, मासळी ताजी बाजारात आणली. माझा मुद्दा इतकाच, की हे सगळं ‘बोटीत इंजिन बसवलं’ या तीन शब्दांत मावत नाही.

याच्या अगदी उलट वाटेने गेलेली एक बोट आहे, आणि तीही मुंबईचीच.

1963 मध्ये ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवरचा एक तरुण अधिकारी, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, आणि त्याचे दोन सहकारी यांनी कुलाब्यात एक शिडाची बोट बांधायला घेतली. त्यांना हवा होता नव्या घाटाच्या बोटीचा आराखडा. इंग्लंडहून आला तो विल्यम अ‍ॅटकिन या अमेरिकन रचनाकाराचा 1920च्या दशकातला, नॉर्वेच्या जुन्या बचावनौकांवर बेतलेला. परत पाठवून दुसरा मागवण्याइतका वेळ नव्हता, म्हणून आहे तोच घेतला. बोट 32 फुटांची, दोन डोलकाठ्यांची, पुढून-मागून दोन्हीकडून निमुळती. मुंबईच्या सुतारांनी ती सागात बांधली, तासणीने लाकूड घडवत आणि हाताने फिरवायच्या धनुकलीसारख्या सामत्याने भोकं पाडत. ‘सुहैली’ हे नाव इराणच्या आखातातल्या आग्नेय वाऱ्याचं. 1964च्या अखेरीस ती पाण्यात उतरली. डिसेंबर 1965 मध्ये नॉक्स-जॉन्स्टन, त्याचा भाऊ आणि एक मित्र तिला घेऊन मुंबईहून निघाले. डर्बनला पैसे संपले तेव्हा तिघांनी नोकऱ्या केल्या, पुढे केपटाऊनहून न थांबता लंडन गाठलं.

पुढचा भाग जगाला माहीत आहे. 14 जून 1968 ते 22 एप्रिल 1969, एकूण 312 दिवस, एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा. असं करणारा तो पहिला माणूस. गोल्डन ग्लोब या शर्यतीत निघालेल्या नऊ जणांपैकी शेवटपर्यंत पोचलेला तो एकटा. माझ्या दृष्टीने मात्र त्या प्रवासातला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग केप व्हर्दी बेटांजवळचा आहे. बोटीत पाणी वाढायला लागलं. त्याने बुडी मारून पाहिलं, तर मोठ्या डोलकाठीच्या खाली, पठाणालगतच्या फळीचा सांधा कित्येक फूट उघडला होता. आतला कापूस निघून गेला होता. शीड ताणलं की डोलकाठी खाली दाबली जाते आणि तो सांधा श्वास घेतल्यासारखा हलतो. त्याने पाण्याखाली श्वास रोखून, एकेक बुडी मारत, नवा कापूस सांध्यात भरला. त्यावर डांबर लावलेली कॅनव्हासची पट्टी तांब्याच्या खिळ्यांनी बसवली. वर तांब्याचा पत्रा. हा पत्रा रेडिओ बसवणाऱ्या माणसांनी मागे सोडलेला होता. मधेच एक शार्क घिरट्या घालू लागला, तेव्हा वर येऊन बंदूक काढावी लागली. काम पुरं झालं, आणि बोट जगाभोवती फिरून आली.

आता ही दुरुस्ती वर्सोव्याच्या वाळूवरच्या दुरुस्तीशेजारी ठेवून बघा. हत्यार तेच, पदार्थ तोच, अंदाजही तोच. कुलाब्यातल्या ज्या सुतारांनी तो सांधा मुळात भरला, त्यांची नावं कुठल्याही शर्यतीच्या यादीत नाहीत. सागाचंही इथे श्रेय आहे. ओकच्या लाकडातलं आम्ल लोखंडी खिळा लवकर खातं. सागातलं तेल खिळ्याला बराच काळ सांभाळतं. याच गुणामुळे 1817 मध्ये वाडियांच्या देखरेखीखाली मुंबई गोदीत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात पाण्यावर आहे. तिची दुरुस्ती तिथे दहा वर्षांहून जास्त काळ चालली होती.

सुहैलीचं म्हातारपण मात्र मानाच्या जागेने जवळजवळ संपवलं होतं. 1997 मध्ये ती ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवण्यात आली. आत तापमान आणि दमटपणा नियंत्रित, काचेवर धूळ नाही, पर्यटकांची रीघ. पण त्या कोरड्या हवेत लाकूड आकसलं. पाण्यात राहण्यासाठी फुगलेल्या फळ्या एकमेकींपासून दूर जाऊ लागल्या. चित्रासाठी, कागदासाठी योग्य असलेली हवा बोटीच्या जिवावर उठली. 2002 मध्ये नॉक्स-जॉन्स्टनने तिला तिथून बाहेर काढलं आणि मग कित्येक वर्षं, सवडीने, स्वतःच्या हाताने तिची डागडुजी केली. आराखडा त्याने बदलला नाही. कुलाब्यात जो आकार ठरला तोच राहिला. 14 जून 2018 रोजी, बरोबर पन्नास वर्षांनी, सुहैली इंग्लंडमधल्या फाल्मथच्या समुद्रात पुन्हा शिडावर चालत होती.

त्याच वर्षीच्या एका शर्यतीत मराठी वाचकाला जवळचा असा एक धागा आहे. नॉक्स-जॉन्स्टनच्या प्रदक्षिणेच्या स्मरणार्थ 2018 मध्ये गोल्डन ग्लोब शर्यत पुन्हा भरवली गेली. नियम असा, की 1968 मध्ये नसलेलं तंत्रज्ञान वापरायचं नाही. नौदलातले अधिकारी अभिलाष टॉमी यांनी त्यासाठी ‘थुरिया’ ही सुहैलीच्या घाटाची बोट घेतली. ती गोव्यात दिवाडी बेटावरच्या अ‍ॅक्वेरियस गोदीत रत्नाकर दांडेकर यांनी बांधली. ज्या ‘म्हादेई’वरून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये मुंबईहून निघून मुंबईला परतत एकट्याने जगप्रदक्षिणा पुरी केली, तीही याच गोदीतली. असं करणारे दोंदे पहिले भारतीय. थुरियाचा आकार सुहैलीचा होता, बांधणी नव्या पद्धतीची. 21 सप्टेंबर 2018 रोजी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीचा कणा दुखावला, आणि तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. चार वर्षांनी ते पुन्हा त्याच शर्यतीत उतरले. यावेळी हुबेहूब नवी प्रत न घेता त्यांनी ‘रसलर 36’ जातीची जुनी, वापरलेली बोट घेतली आणि तीच दुरुस्त केली. तिचं नाव ‘बयानात’. 29 एप्रिल 2023 रोजी ते दुसरे आले. एका निकालावरून नियम काढू नये हे मला कळतं. तरी जुनी बोट घेऊन तिच्यातलं कच्चं काय ते शोधणं आणि नव्या बोटीवर जुना आकार चढवणं, या दोन वेगळ्या विद्या आहेत असं वाटत राहतं.

वर्सोवा-मढकडे परत येतो, कारण तिथे आता तिसरीच गोष्ट चालली आहे. लाकूड महागलं, चांगला साग मिळेनासा झाला, बोट बांधणारे सुतार कमी होत गेले, आणि फायबरच्या बोटी वाढल्या. फायबरला सांधा नाही, कापूस नाही, पोखरणारा प्राणी नाही. मालकाला हे हवंच असतं आणि त्यात गैर काही नाही. पण फायबरची दुरुस्ती कोरड्या हवेत करायची असते. राळ आणि काचेचा धागा यांचे थर चढवताना दमटपणा शिरला की थर नीट धरत नाही, पुढे फोड येतात. आणि मासेमारी बंद असते ती ऐन पावसात! लाकडी बोटीचं आजारपण पावसाळ्याला मानवतं, फायबरचं मानवत नाही. म्हणून मग ताडपत्रीच्या आत दिवे लावून, पाऊस उघडायची वाट बघत काम करायचं, किंवा धंद्याच्या दिवसांत बोट बाजूला काढायची. शिवाय लाकडी बोट मोडली तर तिच्या फळ्या कुठेतरी लागतात. फायबरचं जुनं अंग किनाऱ्यावर पडून राहतं, त्याला जाळू नये आणि पुरूही नये.

जागेचा प्रश्न तर सगळ्यांनाच आहे. बोट ओढून वर घ्यायला वाळू लागते, जाळी शिवायला आणि मासळी वाळवायला उघडं मैदान लागतं. उपनगरांतल्या कोळीवाड्यांकडे तेवढंच तर होतं. आता वांद्रे-वर्सोवा सागरी सेतू बांधला जातो आहे, वर्सोव्याहून दहिसर-भाईंदरकडे किनारी रस्ता जायचा आहे. नकाशावर रिकामी दिसणारी प्रत्येक पट्टी कुणाची तरी दुरुस्तीची जागा असते. नकाशा काढणारे बहुधा ऑक्टोबरात येऊन जातात, जेव्हा बोटी समुद्रात असतात.

दरम्यान शिडाच्या बाबतीत एक गंमत घडली आहे. ऑगस्ट 2023 मध्ये ‘पिक्सिस ओशन’ नावाचं मालवाहू जहाज दोन प्रचंड, उभ्या पंखांसारखी ताठ शिडं लावून निघालं. इंधन वाचवण्यासाठी मोठ्या जहाजांच्या कंपन्या आता वाऱ्याकडे वळून बघताहेत. मग साहजिकच कुणीतरी विचारतं, डिझेल इतकं महाग झालंय तर आपल्या बोटींना पुन्हा शीड का लावू नये? प्रश्न चांगला आहे, उत्तर साखळीत आहे. आजच्या बोटीचा मागचा भाग रुंद आहे, पठाण उथळ आहे, वजन इंजिन आणि बर्फाच्या जागी आहे. शीड लावलं तर ती वाऱ्याच्या रेषेवर धरून चालणार नाही, आडवी सरकत जाईल. डोलकाठी रोवायला जिथे पूर्वी भक्कम बैठक होती, तिथे आता बर्फाचा खण आहे. छोटं सहायक शीड, परतीच्या खाऱ्या वाऱ्यावर थोडं डिझेल वाचवण्यापुरतं, कदाचित जमेल, आणि कुणीतरी ते करून बघायला हवं. त्याहून जास्त हवं असेल तर नव्या बोटीचा पठाण घालण्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि ते काम मागायला ज्या सुताराकडे जायचं त्याच्याकडे आत्ता पावसाळ्यापुरत्या फायबरच्या दोन बोटी आहेत.